गल्लीच्या तोंडचा नळ

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग, महानगरपालिका.

विषय : माझ्या केशकर्तनालयातील नळाचे पाणी हेच संपूर्ण गल्लीचे पाणी समजणे बंद करण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज व त्या सर्वांना आलेले आपले एकच उत्तर.

महोदय,

माझे दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे. तपासणीसाठी पाण्याचा नमुना नेणारे आपले कर्मचारी दर महिन्याला येतात, खुर्चीत बसून दाढी करून घेतात आणि उठताना माझ्याच नळाची बाटली भरून नेतात. माझा नळ मोठ्या जलवाहिनीवर आहे, तेथे पाणी चांगलेच असणार. गल्लीच्या शेवटची घरे मात्र जुन्या वाहिनीवर आहेत आणि ती फुटक्या गटाराखालून जाते. "आत कोण जाणार, चिखलात बूट भरतात," असे सदर कर्मचारी म्हणतात. बुटांची ही काळजी स्तुत्य आहे.

त्या शेवटच्या घरात माझी धाकटी बहीण राहते. तिला आठवा महिना चालू असून कावीळ झाली आहे. ती रुग्णालयात आहे आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना खाली पाहतात. मला भीती वाटते. ती आपल्यालाही वाटावी, अशी माझी इच्छा आहे.

माझ्या आधीच्या प्रत्येक अर्जावर आपण कळविले की, सदर गल्लीतील पाणी पिण्यास योग्य आहे. पुरावा कोणता, तर माझ्याच दुकानातला नमुना! वर सहकार्याबद्दल माझे आभार. दुखणे रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. मेहुणे मला विचारतात, "तुमच्याच नळानं आमची वाट लावली ना?" त्यांना काय सांगावे, तेही कळवावे.

सबब, मी दुकानातील नळ आज काढून टाकला असून तेथे लाकडी खुंटी ठोकली आहे. आपल्या कर्मचाऱ्यांची दाढी यापुढे बहिणीच्या दारात, तिच्याच नळाच्या पाण्याने केली जाईल. वस्तरा मी नेहमीच धारदार ठेवतो, ही धमकी समजू नये. नमुना तेथूनच घ्यावा, वाहिनी बदलावी आणि बहीण घरी आली तर तिला कोणते पाणी प्यायला द्यायचे, ते आपल्या सहीने लेखी द्यावे.

आपला, फार काळ नम्र न राहणारा,
(सही)
केशकर्तनालयाचा मालक
दिनांक : आपण शिक्का माराल तो.

सोबत : काही नाही. बहिणीच्या नळाचे पाणी बाटलीत भरून आणले होते. ही ओळ आपल्या दारात उभ्याने लिहीत आहे, कारण आपल्या शिपायाने बाटली अडवली आहे. तो म्हणतो, "असलं घाण पाणी आत नेता येत नाही."