दादासाहेब, गाडी न्यायला येऊ नका

महाळुंगे

आदरणीय दादासाहेब यांस आबाजीचा रामराम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींची नवी कवळी बसली का? इकडे माझी तब्येत बरी आहे, गाडीची नाही.

शालन गेल्यावर मीच तुम्हाला म्हणालो होतो, की गाडी दारात सडण्यापेक्षा तुमच्या सार्थकला कंपनीत जायला-यायला होईल, घेऊन जा. पोरगा रविवारी येणार असं कळलं. पण येऊन करणार काय? रोज सकाळी किल्ली फिरवली की गाडी नुसती खाकरते आणि गप्प होते. नागसेन इलेक्ट्रिशियनला बोलावलं (त्याचं दुकान कंपनीच्या गेटासमोर, त्यामुळे बोलतोही शिफ्ट सुटल्यासारखा). त्यानं मीटर लावून पाहिला, दुसऱ्या बॅटरीवर गाडी चालू करून पाहिली. स्टार्टर चांगला, चार्जिंग चोख, बॅटरी तर नवीच. मी बॅटरीवाल्यावर संशय घेतला, उंदरांवर घेतला, आपल्या जावयांवरही घेतला (त्यांनी मागे स्पीकर बसवले होते). नागसेननं एकेक फ्यूज काढून पाहिला, कुठं करंट गळत नव्हता. शेवटी त्यानं विचारलं, "काका, किल्ली चालू ठेवून गाडीत कोण बसतं?" कोणी न्हाई, म्हणालो. तेवढ्यात त्याला शेजारच्या सीटवरची ज्वारीची गोणी दिसली.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. तुमच्या बहिणीनं जन्मात कधी पट्टा लावला नाही. चिंचवडला डायलिसिसला नेताना गाडी वाटभर पिपपिप करायची आणि ही गाडीलाच दटावायची, "गप बस की गं. मी काय पळून चाललेय व्हय?" पुढं कंटेनरांची रांग, शेजारी या दोघींचं भांडण, मी अगदी वैतागून जायचो. आता दुपारचं जेवण झालं की गाडीत जाऊन बसतो. इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवतो (डिझेल कशाला जाळा), की समोर तो बारका लाल दिवा लागतो. शेजारी माणूस बसलंय, पट्टा लावलेला नाही, असं सांगणारा. गोणीच्या वजनाला गाडी फसते. मीही फसतो. चहाची वेळ होईपर्यंत तसाच बसतो, आणि बॅटरी उतरते. घरात करमत नाही हो दादासाहेब, अजिबात करमत नाही.

नागसेन म्हणाला, गाडी रोज चाकणपर्यंत फिरवून आणा, आपोआप चार्ज होईल. चाकणला माझं कोण आहे? तेव्हा सार्थकला पाठवू नका. वहिनींना नमस्कार, नातवंडांचे गालगुच्चे घ्या.

तुमचा
आबाजी

ता. क. उंदरांवरचा संशय अगदीच खोटा नव्हता. गोणीचा एक कोपरा कुरतडलाय.

आणखी एक. शब्द दिलाय, गाडी तुमचीच. नागसेननं बॅटरी चार्ज करून दिलीय, एका किल्लीत चालू होते. फक्त सार्थकबरोबर तुम्हीही या. अंगानं तुम्ही शालनसारखेच, आणि कुणाचं ऐकत तर तुम्हीही नाही. आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत गाडी मी चालवीन, तुम्ही शेजारी बसा. तेवढ्यापुरता पट्टा लावू नका.