बघून आणलेली कॉफी

ती. आईस, दुरूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. नोकरीबद्दल दादाकडून काही उलटसुलट ऐकण्याआधी मीच सांगते.

आमची कंपनी ज्या मळ्याची कॉफी घेते, त्याच्या गोण्यांवर 'कामगारांना न्याय' असा शिक्का असतो. तो आहे म्हणून तीन वर्षं मी खरेदीच्या कागदावर डोळे मिटून सही केली. या खेपेला स्वतः मळ्यावर गेले. तोडणीवाल्या बायकांच्या संडासाला कुलूप होतं. एक जण हसून म्हणाली, "बाई, तपासणीवाले आले की उघडतात. आम्हाला आहेच की झाडांचा आडोसा!"

मी सही केली नाही. साहेब म्हणाले, "शिक्का आहे ना? मग तुमचं काय जातं?"

आई, तीन वर्षं त्या कुलपावर माझीही सही होती.

शेजारच्या छोट्या मळ्याला शिक्का नाही. पण तिथली मालकीण "काय हवं ते विचारा" म्हणाली आणि मला बायकांपाशी बसवून निघून गेली. संडास उघडा होता, बादलीत पाणी होतं. हीच कॉफी घ्या, असं मी लिहून दिलंय.

सोमवारी मोठ्या साहेबांपुढे उभं राहायचंय. शब्द फिरवणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे.

गुडघा शेकतेस ना? सोबत त्याच मळ्याची अर्धा किलो कॉफी आहे. पुड्यावर काहीच छापलेलं नाही. कुणी विचारलं तर सांग, लेकीने बघून आणलीय.

तुझी,
हट्टी धाकटी