सुटकेच्या रकान्यातलं वजन

बाबा, ते गृहस्थ बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना चहा पाठवला आहे आणि नोंद तपासते आहे असं सांगितलं आहे. नोंद कालच तपासून झाली. त्यांना काय सांगायचं ते ठरत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. हे कुठे पाठवायचं नाही, आणि वाचून तुम्ही काही बोलणार नाही, ही एक सोय आहे.

मी सध्या बुलढाण्यात आहे. इंग्रजांच्या काळातल्या एका जेलची रजिस्टरं स्कॅन करायची आणि त्यांतल्या नोंदी संगणकावर शोधता येतील अशा मांडायच्या, हे माझं काम. एका कैद्याची एक ओळ: नाव, बापाचं नाव, जात, गाव, कलम, अंगावरच्या खुणा, आत येतानाचं वजन, बाहेर जातानाचं वजन. शेवटच्या रकान्यात सुटका, बदली किंवा मृत्यू. मी लिहिलेली प्रणाली यांतला एकच पर्याय घेते. शिवाय उद्याच्या तारखेची नोंद ती आज करू देत नाही. माझ्या आजच्या स्कॅनिंगच्या नोंदींनाही हा नियम लागू आहे. तो मी पहिल्याच दिवशी घातला. का घातला, हे इथे कोणालाही माहीत नाही. वडील सरकारी नोकरीत होते, एवढंच मी सगळीकडे सांगते.

बाहेर बसलेले गृहस्थ मेहकरकडचे. पंचाहत्तरीच्या पुढचे, माळवं पिकवतात. त्यांच्या आजोबांना चांगल्या वर्तणुकीचा जामीन देता आला नाही म्हणून वर्षभर आत टाकलं होतं. ते घरी परतले नाहीत. त्याच जेलातून पुढे सुटून आलेल्या गावच्या एकाने सांगितलं की सुटणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आदल्या संध्याकाळी पुकारलेलं त्याने स्वतः ऐकलं होतं. तेवढ्यावर गावाने ठरवून टाकलं की बायकापोरं सोडून हा पळाला, कुठेतरी दुसरं घर केलं. परवा हे सगळं सांगताना ते हसत होते. "माह्या बापाच्या लग्नात पंगतीत लोकं म्हणे, पळपुट्याचा पोरगा हाय, नवरदेवाचे पाय बांधून ठेवा." मग हसणं थांबलं. "बाप तेच आयकत मेला. मले काही नुकसानभरपाई नाही पाहिजे, मॅडम. तो पळाला का आतमधी मेला, तेवढं सांगा."

ओळ सापडली. शेवटच्या रकान्यात सुटका आहे. बाहेर जातानाचं वजन लिहिलेलं आहे. म्हणजे माणूस काट्यावर उभा राहिला आणि फाटकातून बाहेर गेला. एवढं सांगून मी त्यांना परवाच पाठवू शकले असते. पण मी त्या महिन्याची साप्ताहिक वजनं काढून शेजारी लावली. सुटकेच्या दिवशीचं वजन आणि त्याआधीचं शेवटचं साप्ताहिक वजन तंतोतंत एक. फक्त त्यांचं नाही, त्या पुस्तकात सुटलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं. शाई आदल्या संध्याकाळच्या नोंदींची, अक्षराचा कलही तोच. हे पाहिलं आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं.

आई भाकरी थापते आहे. तुम्ही रोजच्यापेक्षा लवकर आला आहात आणि पाय धुऊन पाटावर बसता आहात. "उद्या चार जण सुटून राह्यले. आजच लिहून आलो. सकाळी लिहीत बसलो तं पहिली एसटी निघून जाते, मंग दिवसभर स्टँडावर बसतात बिचारे. सारा गाव पाह्यते, कोण सुटला म्हणून." आई विचारते, "अन् वजन?" तुम्ही म्हणता, "शनिवारचंच टाकलं. चार दिवसांत काय हत्ती होते का माणूस?" आपण तिघंही हसतो. मला ते फार हुशारीचं वाटतं.

आणि मग तो रविवार. मी तुमच्याबरोबर जेलच्या ऑफिसात आले होते, वजनाच्या काट्याशी खेळत होते. जेलरसाहेब आत आले, ते बसले नाहीत. "बाबू, मेलेल्या माणसाले सोडलं तुमी? वजनासकट?" त्या दिवशी सुटणारा एक कैदी पहाटेआधीच मेला होता, आणि तुमच्या अक्षरात तो धडधाकट बाहेर पडला होता. तुम्ही लाल शाईची बाटली उघडलीत, ओळ खोडलीत, समासात सही केलीत. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "आईले सांगू नोको." त्यानंतर घरात जेलचा विषय निघाला नाही. मी इंजिनिअर झाले, आणि उद्याचं आज लिहिणाऱ्या माणसाबद्दल माझं मत पक्कं झालं.

या जुन्या पुस्तकात त्या ओळीवर लाल शाई नाही. याचा अर्थ ते खरोखर सुटले, किंवा कोणी दुरुस्त करण्याची तसदी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीची शिल्लक कैद्यांची संख्या पाहिली. ती एकाने कमी आहे. पण जिवंत गेला काय, मेलेला गेला काय, शिल्लक एकानेच कमी होते. त्या वर्षाचं मृत्यूचं रजिस्टर वाळवीने खाल्लं आहे. यापुढे जायला वाट नाही. कप परत आला आहे. त्यांना आत बोलावते.

ते गेले. झालं तसं लिहिते. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि म्हटलं, कागदावर सुटका आहे. "बरं," ते म्हणाले आणि टोपी घातली. तेव्हा मी म्हटलं, हा कागद आदल्या संध्याकाळी लिहिलेला असावा. रात्रीतून काय झालं हे त्याला ठाऊक नसेल.

"तुमाले कसं मालूम?"

"माझे वडील जेलात कारकून होते. तेही असंच लिहायचे. सुटणाऱ्याला पहिली गाडी मिळावी म्हणून." पुढे तो रविवारही सांगितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही अनोळखी माणसाला.

त्यांनी टोपी परत काढली. "म्हणजे तुमच्या बापासारख्या एखाद्या भल्या माणसानंच माह्या आज्याले पळपुटा केला म्हणा ना."

"असेल. नसेलही. मला सांगता येत नाही."

"मंग तेच लिहून द्या. सांगता येत नाही म्हणून."

मी लिहून दिलं: या नोंदीवरून सदर कैदी जिवंत बाहेर गेला किंवा कसे, हे निश्चित सांगता येत नाही. कारण लिहिलं, नोंदी ठेवण्याची तत्कालीन पद्धत. खाली सही केली. प्रणालीत चौथा पर्याय टाकला, अनिश्चित. त्यांनी कागदाची घडी बनियनच्या खिशात ठेवली. "आजलोक एवढंबी कोणी म्हटलं नव्हतं. आता कोणी बोललं तं दाखवतो, म्हणतो वाच बे." दारापर्यंत गेले आणि वळले.

"पण तुमच्या वडलानं ज्याले लिहून टाकलं होतं, त्याच्या घरी कोणी गेलं का मंग? सांगाले?"

मी लगेच म्हणाले, "हो. वडील स्वतः गेले होते." त्यांनी मान हलवली आणि ते जिना उतरले.

बाबा, तुम्ही गेला होतात की नाही, मला माहीत नाही.