विंडोची कड ओढता येत नाही म्हणून अडकून पडलेल्या ऑपरेटरला कार्यमुक्त करण्याबाबत

दिनांक : ११ जुलै २०२५, शुक्रवार

प्रति,
मा. कक्ष प्रमुख,
जुने दस्त संगणकीकरण कक्ष,
जालना.

अर्जदार : शेख सबिहा खुर्शीद, डेटा एन्ट्री ऑपरेटर (कंत्राटी), उर्दू टेबल.

विषय : माझ्या संगणकात ग्राफिक्स ड्रायव्हर टाकून मिळावा, ते शक्य नसल्यास मला सोमवारपूर्वी कार्यमुक्त करावे.

संदर्भ : १) माझ्या तोंडी तक्रारी, वेळोवेळी.
२) संगणक सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, माझ्याच सहीचे.
३) शिक्षण विभागाकडून मिळालेला माझा नियुक्ती आदेश.
४) 'कामातील दिरंगाई' या विषयाची आपली नोटीस.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करते की, माझी पिंपळगाव रेणुकाई येथील उर्दू शाळेत शिक्षिका म्हणून नेमणूक झाली आहे. येत्या सोमवारी शाळा सुटेपर्यंत मी तिथे हजर झाले नाही, तर नेमणूक रद्द होऊन यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावले जाईल. हजर होताना या कक्षाचे कार्यमुक्तीचे पत्र दाखवावे लागते. माझे काम शिल्लक आहे म्हणून ते पत्र आपण देत नाही. आणि विंडोची कड ओढली की संगणक अडकून बसतो म्हणून काम शिल्लक आहे. अर्जाचा मतलब एवढाच आहे. नोटिशीत याच्या बरोबर उलटे लिहिले आहे, म्हणून पुढचे लिहावे लागत आहे.

१. माझ्या टेबलावर निजामाच्या काळातल्या उर्दू नोंदी मराठीत उतरवण्याचे काम आहे. जुन्या पानाचा फोटो एका विंडोत असतो आणि दुसऱ्या विंडोत मी टाइप करते. दोन्ही शेजारी शेजारी दिसल्या पाहिजेत. उर्दूची ओळ लांब असली की पानाची विंडो रुंद करावी लागते, आणि टाइप करताना ती पुन्हा अरुंद करावी लागते. दिवसभर हेच, रुंद करा, अरुंद करा. कक्षातील इतर ऑपरेटर एकच विंडो पडदाभर उघडून काम करतात. सर्व संगणक एकाच ठेकेदाराने एकाच दिवशी बसवले असल्याने हा दोष सगळ्यांतच आहे. बाकीचे कड ओढत नाहीत, म्हणून त्यांना तो माहीत नाही, आणि कक्षात असा समज झाला आहे की दोष माझ्या हातात आहे.

२. कड धरून ओढली की बाण पुढे जातो, विंडो जागेवरच राहते. मग पडदा पांढरा होतो. मी हात मांडीवर ठेवून बसते. सावकाश एकेक तुकडा दिसू लागतो, आणि शेवटी विंडो येते तेव्हा ती बोटाएवढी अरुंद तरी झालेली असते, नाहीतर खाली सरकून तिचे 'जतन करा' हे बटण पडद्याबाहेर गेलेले असते. ते बटण वर आणायचे तर पुन्हा कड ओढावी लागते! महोदय, मी शांत स्वभावाची बाई नाही, तरी इतके दिवस मी या टेबलावर एकही वस्तू आपटलेली नाही, याची नोंद घ्यावी.

३. देखभालीला येणारे श्री. पप्पू (गेटपासवरही एवढेच नाव आहे) यांनी कारण शोधून काढले. चित्र पडद्यावर कसे उमटवायचे ते संगणकाला सांगणारा जो प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या संगणकात जो हवा तो टाकलेलाच नाही. कामचलाऊ टाकून ठेकेदार निघून गेला. श्री. पप्पू यांचे शब्द असे : "मॅडम, बिमारी बराबर कळाली, दवा बी माझ्या पेनड्राइव्हमधी हाये. पण आत टाकायला पासवर्ड लागतो अन् तो माझ्याकडं न्हाई." पासवर्ड जुन्या ठेकेदाराकडे आहे. सर्व संगणक सुस्थितीत आहेत असे प्रत्येक ऑपरेटरने लिहून दिल्याशिवाय तो पासवर्ड हवाली करणार नाही, असे करारात आहे म्हणतात. थोडक्यात, संगणक दुरुस्त होण्यासाठी तो दुरुस्त आहे असे मी आधी लिहून द्यायचे होते.

४. मी नकार दिला होता. परंतु माझ्या एका सहीसाठी ठेकेदाराकडून सगळ्या कक्षाच्या संगणकांचे हस्तांतरण अडले आहे असे वरिष्ठ लिपिक श्री. काकासाहेब यांनी चारचौघांत सांगितले, आणि सही होताच दुसऱ्या दिवशी पासवर्ड येईल असा शब्दही दिला. मी सही केली. पासवर्ड आला नाही. उलट श्री. पप्पू पेनड्राइव्ह घेऊन आले, तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवण्यात आले, कारण माझा संगणक सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र फाइलला लागलेले होते आणि सुस्थितीतल्या संगणकाला हात लावण्याची तरतूद नाही.

५. यानंतर आपण स्वतः माझ्या टेबलाशी आलात, हे मी आदरपूर्वक नमूद करते. आपण उभ्या उभ्या माउस इकडून तिकडे फिरवलात. बाण फिरला. "चालतोय की," असे म्हणून आपण गेलात. बाण फिरत नाही अशी तक्रार मी कधीच केलेली नव्हती. कृपया एकदा बसून कड ओढून पाहावी, असे मी मागून म्हणाले, पण तोवर आपण जिन्यात होतात. त्याच आठवड्यात मला नोटीस मिळाली : संगणक उत्तम असतानाही काम शिल्लक, सबब दिरंगाई ऑपरेटरची, आणि शिल्लक संपेपर्यंत कार्यमुक्ती नाही.

६. आधी पान वाचून पाठ करावे आणि मग टाइप करावे, म्हणजे एकच विंडो पुरेल, अशीही सूचना मला झाली. तसे करून पाहिले. शेख दाऊद वल्द शेख मदार, म्हणजे मदारचा मुलगा दाऊद, या नोंदीत मी बापाला मुलगा आणि मुलाला बाप करून ठेवले. दुसऱ्यांदा तपासले म्हणून सापडले. त्या ओळीवर कुणाच्या तरी नातवंडांची जमीन उभी असते. असे काम मी करणार नाही, मग कितीही शिल्लक दिसो. हे काम मला आवडत होते, हेही लिहून ठेवते. त्या पानांवरचे अक्षर इतके देखणे आहे की कधी कधी मी नुसतीच बघत राहायची. आता ते अक्षर दिसले की मी आधी विंडोच्या कडेकडे बघते.

७. घरची परिस्थिती अर्जात लिहू नये असे म्हणतात. मी लिहीत आहे. नेमणुकीची यादी लागली त्या दिवशी माझ्या आईने, इमामबी यांनी, जुन्या जालन्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. आता गल्लीतून निघाले की दुकानादुकानांतून विचारतात, "काय टीचर, गेल्या न्हाईत अजून?" आई संध्याकाळी दाराची कडी लावून बसते आणि मला म्हणते, "मिठाई बांट के बैठी मैं, अब लोगां को क्या बोलूं?" मी तिला काय सांगू? ड्रायव्हर नाही, असे सांगितले तर ती म्हणते, मग रिक्षाने जा. मी हसायला लागते आणि हसता हसता रडायला लागते. शिक्षिका व्हायचे म्हणून मी डीएड केले, नंबर लागेपर्यंत इथे ऑपरेटर म्हणून बसले, आणि आता नंबर लागला तर मला या खुर्चीवरून उठता येत नाही. माझा जीव गुदमरतो, महोदय. यासाठी सरकारी शब्द मला सापडला नाही.

८. काल श्री. काकासाहेब यांनी मला बाजूला घेऊन सुटकेचा मार्ग सांगितला. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून राग धरत नाही. "मॅडम, उगं कशाला जीव जाळून घेऊन राह्यल्या? 'माझ्या अकार्यक्षमतेमुळे काम पूर्ण झाले नाही' एवढं लिहून द्या. कंत्राट त्याच दिवशी खलास, मंग कार्यमुक्तीचं लफडंच न्हाई." कागद त्यांनी तयारच ठेवला होता, फक्त सही बाकी होती. मी पेन हातात घेतले होते, खोटे कशाला बोलू. मग लक्षात आले की मला शाळेत कार्यमुक्तीऐवजी तोच कागद दाखवावा लागेल, आणि पोरांना शिकवायला आलेली बाई अकार्यक्षम आहे असे माझ्याच सहीने मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडेल. मी पेन खाली ठेवले.

सबब विनंती की, आज कार्यालय सुटण्यापूर्वी पासवर्ड मिळवून ड्रायव्हर टाकावा. टाकला, तर उद्या-परवाच्या सुटीत दोन्ही दिवस बसून मी शिल्लक संपवते, मला कुणी चहासुद्धा देऊ नये. ते जमत नसेल, तर शिल्लक काम शिल्लक असे स्पष्ट लिहून, पण अकार्यक्षम हा शब्द न घालता, मला कार्यमुक्त करावे. यातले काहीही न करता फाइल फिरत ठेवायची असेल, तर तीही आपली मर्जी. पण आम्ही दोघे या टेबलावर होतो, मी आणि हा संगणक. तो चांगला आहे असे मी लिहून दिले आहे. मी वाईट आहे असे लिहून देणार नाही.

सोमवारी पहिल्या बसने मी पिंपळगाव रेणुकाईला निघत आहे. आपले पत्र हातात असेल तर वर्गात जाईन. नसेल तर फाटकाबाहेर उभी राहीन आणि शेवटची घंटा होईपर्यंत उभी राहीन, कारण तोवर माझी नेमणूक जिवंत आहे. पत्राचा फोटो मोबाईलवर आला तरी हजर करून घेऊ, असे मुख्याध्यापक म्हणाले आहेत. तेव्हा पत्रावर सही झाली की कुणाकडूनही फोटो काढून पाठवावा. मी फोन हातातच ठेवणार आहे.

अद्याप आपल्याच कक्षात असलेली,
(सही)
शेख सबिहा खुर्शीद

सोबत :
१) नियुक्ती आदेशाची प्रत.
२) दिरंगाईच्या नोटिशीची प्रत.
३) श्री. काकासाहेब यांनी दिलेला कागद, सही न करता परत.
४) माझा मोबाईल नंबर, अर्जाच्या मागच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत.