जाड साल

साउथ शील्ड्स,
रविवार, ४ मे १९४१

प्रिय बेला,

काल मासळीच्या रांगेत स्टॉब्सबाई तुला काय म्हणाली ते मला बेकरीत कळलं. “नवऱ्यानं बटाट्याची सालं समुद्रात फेकून एकोणीस माणसं बुडवली, आणि ही बघा, हॅडॉक मागतेय!” आणि तू रिकामी पिशवी घेऊन घरी गेलीस. मी असतो तर तिच्याच टोपलीतला हॅडॉक तिच्या तोंडात कोंबला असता, शेपटीकडून. या बाईने आयुष्यात टाईन नदी ओलांडायची फेरीबोट सोडून दुसरं जहाज पाहिलेलं नाही. त्या फेरीबोटीवरही तिला ओकारी होते. आणि आता तिला पाणबुड्यांचं युद्ध समजतं! समजणारच. आपल्या गल्लीत सगळ्यांनाच समजतं. फक्त जे समुद्रावर जातात त्यांना समजत नाही, म्हणून ते बुडतात.

तुझ्या दारापर्यंत मी तीनदा आलो आणि तीनदा परत फिरलो. का ते पुढे लिहितो. आधी मला जरा भांडून घेऊ दे.

तुझ्या अँटीला जाऊन पाच आठवडे झाले. गुरुवारी चौकशी आहे. दुय्यम आचारी अँथनी पर्व्हिस याने नियम मोडून दिवसाढवळ्या कचरा टाकला आणि त्या मागावर पाणबुडी आली, असं तिथे एकदा कागदावर उतरलं की ते कायमचं. त्याला थडगं नाही, बेला. त्याच्या नावाने मागे उरेल तो एवढाच कागद.

नियम मला पाठ आहे. भटारखान्याच्या दारावर ठोकलेला होता, माझ्या नाकासमोर: कचरा अंधार पडल्यावरच टाकावा, सगळा एकदम टाकावा, रिकामे डबे भोकं पाडून टाकावेत. नियम चांगला आहे. पण ज्यांनी तो केला त्यांनी आमचा ताफा कधी पाहिला होता का? अडतीस जहाजं, नऊ रांगा, आणि प्रत्येकाच्या धुराड्यातून असा धूर, की सगळ्या वीटभट्ट्या सहलीला निघाल्यात असं वाटावं. एक ग्रीक जहाज तर दिवसभर काळं ओकायचं. पाच मैलांवरून आंधळ्यालाही वास आला असता. आणि तो जर्मन कप्तान म्हणे हे सगळं सोडून दुर्बीण लावून सालं हुडकत बसला होता! साल चाखून म्हणाला असेल, “अळणी आहे. नक्की इंग्रजांचं.”

अँटी आणि बटाटा. आपल्या घरी पहिल्यांदा जेवायला आला तो दिवस आठवतो ना? आईने मुद्दाम त्याच्यासमोर टोपली ठेवली होती. पठ्ठ्याने सुरी घेतली आणि अख्खा बटाटा एका सालात सोलला, न तुटता. साल इतकं पातळ की आईने ते खिडकीशी धरून पलीकडचं चर्च पाहिलं. म्हणाली, “हा पोरगा राहू दे घरात. कुडी गेला तरी चालेल.” माझ्या कथबर्टचं कुडी तूच केलं होतंस, आपल्या बोलीत कुडी म्हणजे गाढव हे पुरतं ठाऊक असताना. माझं सोलणं आईला कधी बघवलंच नाही. “कुडी, तू माणसांचा स्वयंपाक करतोयस की डुकराचा?” लहानपणी, मी बारा वर्षांचा आणि तू आठची असताना, मार चुकवायला मी माझी जाड सालं तुझ्या बादलीत टाकायचो. तू खायचीस थप्पड, आणि मी दाराआड उभा राहून ऐकायचो. अशा माणसाला पुढे आचारी कोणी करावं? व्यापारी जहाजांनी केलं. तिथे चव लागत नाही, नुसती माणसं लागतात.

या खेपेला कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून गहू भरून निघालो. पाचव्या दिवशी आमचं ‘थॉर्नहोप’ जहाज असं कलंडलं की वाटाण्याच्या सुपाचं भांडं अँटीच्या उजव्या हातावर आलं. मुठीएवढा हात उशीएवढा झाला. सुरी धरता येईना, म्हणून डाव्या हाताने ढवळायचा आणि मला शिकवायचा, “कुडी, साल सोल रे, बटाटा सोलू नकोस.” त्यात दोन दिवस वादळ. रात्री डेकवर पाऊल टाकायची सोय नव्हती. भटारखान्यात कोबीची देठं कुजत होती, बादल्या वाहत होत्या.

मग धुकं आलं. आणि आता ऐक, कारण हे कागदावर कुठेच नाही. आमचे कॅप्टन बेनफील्ड, ज्यांना आमचं जहाज ताफ्याच्या मानाने फार वेगवान वाटायचं, त्या सकाळी म्हणाले, “या म्हाताऱ्या कासवांच्या मागे किती रखडायचं?” आणि धुक्याचा फायदा घेऊन वेग वाढवून पुढे निघून गेले. ताफा सोडायचा नाही, हा भटारखान्याच्या दारावरच्या नियमापेक्षा पुष्कळ मोठा नियम आहे. सुकाणूवरच्या माणसाने हे स्वतः आम्हाला चहा घेताना सांगितलं. तोही गेला. दुपारी धुकं उघडलं तेव्हा चहूकडे नुसता समुद्र. एक जहाज नाही, एक लढाऊ नौका नाही. आम्ही, आमचा गहू आणि आमचा धूर.

चार वाजता टॉर्पेडो बसला. अँटी तेव्हा खाली पिठाच्या कोठीत होता. उद्याच्या पावासाठी पीठ आण म्हणून मीच त्याला पाठवलं होतं. एका हाताने पोतं कसं आणू, असं तो म्हणालाही होता. मी म्हणालो, “दातांनी आण.” हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

तीन दिवस होडीत काढले. त्याच होडीत कॅप्टनसाहेब. बोटं काळी पडत होती आणि हा माणूस एकच विचारत होता, “दिवसा कचरा कोणी टाकला?” मला वाटलं, थंडीने डोकं फिरलंय. डोकं अजिबात फिरलं नव्हतं. आमच्या सगळ्यांत ते एकटंच चालू होतं.

परत आल्यावर कंपनीच्या कचेरीत बोलावणं आलं. गालिचा, बिस्किटं, खिडकीशी कारकून. टेबलावर माझी खलाशाची वही आणि शेजारी दोन शिक्के. तुला माहीत आहे, बापाच्या वहीशी आपण खेळायचो. ‘फार चांगला’ असा शिक्का पडला की पुढचं जहाज मिळतं. वाईट असं आपल्याकडे लिहीत नाहीत, सभ्य लोक ना आपण! ‘मत देण्यास नकार’ असा शिक्का मारतात, आणि मग त्या माणसाला फेरीबोटीवर कपबशा विसळायलाही कोणी घेत नाही. सव्वीस वर्षांत माझ्या वहीत तो शिक्का नाही. कॅप्टन दुसरा शिक्का बोटांत फिरवत म्हणाले, “हार्ल, पर्व्हिस तुमच्या हाताखाली होता. कचरा त्यानेच टाकला, नाही का?” मी विचारलं, धुक्याचं काय? म्हणाले, “कसलं धुकं?” मी म्हणालो, त्याची बायको माझी बहीण आहे. म्हणाले, “मेलेल्या माणसाचं काय बिघडतं? आणि तिला सांगणार कोण?” कोण म्हणजे? त्या खिडकीतल्या कारकुनाची बायको स्टॉब्सबाईच्या पुढे रांगेत असते!

तसं लिहिलेल्या कागदावर मी सही केली, बेला. शिव्या द्यायला सुरुवात केली असशील तर जरा थांब, पुढच्यालाही लागतील.

परवा मला कॅप्टनच्या जबानीची नक्कल मिळाली. गुरुवारी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतील. त्यात एक वाक्य आहे: ‘होडीकडे जाताना कठड्यापाशी वाऱ्याने मागे उडालेली बटाट्याची जाड, गर लागलेली सालं मी स्वतः पाहिली.’ जाड. कॅप्टनला कळलेलं नाही त्यांनी काय लिहून दिलंय. ते कळेल अशी दोनच माणसं आता जिवंत आहेत, एक तू आणि एक मी. तो शब्द ऐकून तू स्टॉब्सबाईच्या शेजारी बसल्या बसल्या माझ्याकडे वळून बघशील, आणि ते मला सोसणार नाही, म्हणून हे पत्र. बादली माझी होती. तीन वाजता, उजेडात, समुद्र रिकामा बघून वाटलं, इथे कोण बघतंय, आणि मीच ती ओतली. पाणबुडी सालांवरून आली की कॅप्टनच्या धुरावरून, मला माहीत नाही, आणि वर एवढे विनोद केले म्हणून ते कळणारही नाही. गुरुवारी दहा वाजता मी सही मागे घेणार आहे. धुकंही सांगणार, बादलीही सांगणार. वही आधीच टेबलावर ठेवीन. हवा तो शिक्का मारा म्हणावं. तू ये. करडी टोपी घालून ये, आणि स्टॉब्सबाईला पुढच्या बाकावर बसव, तिला ऐकू कमी येतं. माझ्याशी बोलू नकोस, शेजारी बसू नकोस. फक्त ये. या वेळी मी दाराआड नसेन.

तुझाच, आणि खरोखरच गाढव,
कुडी