पाळण्यात निजवलेला लॅपटॉप

पोलादपूर,
फेब्रुवारी २००९

चि. जितेश आणि सौ. प्रियदर्शिनी यांना दादाचे मनापासून आशीर्वाद. इथे सगळे खुशाल आहेत. बहरीनची हवा तुम्हा तिघांना मानवते ना, बाळ रात्री झोपू देतं का, ते कळवा. मुद्दाम पत्र लिहितो आहे, कारण कागदावरचं वाक्य मध्येच तुटत नाही.

विषय रविवारच्या बारशाचा. तू सुचवलंस की इंटरनेटवरून फोन लावू, आणि आपल्या सुरेखाने आत्या म्हणून इथूनच बाळाच्या कानात नाव सांगावं. म्हणून मी महाडहून बिनतारी इंटरनेटचं कार्ड आणलं आणि लॅपटॉपला खोचलं. (दुकानदार म्हणाला, शेजारी बसल्यासारखा आवाज येईल. कोणाच्या शेजारी, हे मी विचारायला हवं होतं.) शनिवारी करून पाहिलं तेव्हा तू विहिरीच्या तळातून बोलत होतास, आणि सुरेखाचं ‘कुर्रर्र’ बहरीनला जाऊन तिच्याच कानात परत आलं, पत्र्यावर खडे पडावेत तसं. ती एवढंच म्हणाली, “ही मी नाय.” मी तिला रेंज, टॉवर, डोंगर असं बरंच समजावलं. ती ऐकते आहे असं मला वाटलं.

रविवारी शेजारच्या चिमाबाईंनी पाळणा सजवला. मग लक्षात आलं की बाळ तिकडे, आणि रिकामा पाळणा काही हलवत नाहीत. म्हणून त्यांनी दुपट्यावर लॅपटॉप निजवला, वर कुंची घातली. (मी हरकत घ्यायला हवी होती का? अजून ठरत नाही.) झोका खिडकीकडे गेला की तुझं बोलणं स्वच्छ, भिंतीकडे आला की नुसती घरघर. मी पाळणा धरून ठेवा म्हटलं, तर चिमाबाई म्हणाल्या, “बारसं हाय रे, पंचायतीची सभा नाय.” त्यामुळे तुझं एकेक वाक्य आम्ही झोक्याझोक्याने ऐकलं.

मग सुरेखा वाकली, कुंचीत तोंड खुपसून काही पुटपुटली, आणि त्याच क्षणी कॉल तुटला. नंतर शंभरदा लावला, लागला नाही. बायका नाव विचारू लागल्या, तर ती म्हणाली, आधी बाळाने ऐकल्याचं कळू दे, मग मोठ्याने सांगेन. घुगऱ्या खाऊन गेलेल्या बायका आता मला बाजारात अडवतात, आणि मलाच नाव ठाऊक नाही. (रोजनिशीत ‘बारसं झालं’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातलं आहे.) आपल्या एकुलत्या एक बहिणीचा मान माझ्या कार्डापायी हुकला, ही टोचणी जात नाही. तेव्हा ऐकू आलं असेल ते कळव. अर्धं अक्षर असलं तरी चालेल.

तुझा,
विनीतदादा

ता. क. दुकानदार म्हणतो, कार्डात दोष नाही. मी त्याच्याशी जरा चढ्या आवाजात बोललो. आता छपरावर अँटेना लावून पाहणार आहे.

ता. क. (सुरेखाचा) जितू, दादाने पोस्टात टाकायला दिलं म्हणून वाचलं. दुकानदाराचं खरं आहे. कुंचीखाली हात घालून कार्ड मीच ओढून सैल केलं, दादाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या भाच्याने आपलं नाव पहिल्यांदा ऐकायचं ते त्या पत्र्याच्या आवाजात? पुटपुटले ते नुसतंच, नाव माझ्यापाशीच आहे. मे महिन्यात गाडीने वीर स्टेशनला उतरा, बाळाचा कान घेऊन या. तोवर त्याला बाळच म्हणा. आणि दादाला काही लिहू नकोस. तो अँटेनासाठी बांबू शोधतोय, शोधू दे.