नदीकाठाची हजामत

चि. सुयश यास किशोरीआत्याचे अनेक आशीर्वाद.

तू आणि आश्लेषा खुशाल असालच. पुण्यात पाणी फक्त नळाला येतं (किंवा येत नाही). आम्हीही बरे आहोत. ओटीवरचा चिखल काढून झाला, माजघरातला बाकी आहे. तुझ्या होमस्टेबद्दल शेवटी लिहिते.

आमचे हे, म्हणजे तुमचे तात्या, यंदा गावच्या नदी सुशोभन समितीचे अध्यक्ष झाले. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात काहीतरी द्यावं लागतं, गावाने नदी दिली. तुझे आजोबा चैत्रात पात्रात लोंबणाऱ्या फांद्या तेवढ्या छाटायचे. काठच्या करंज-निर्गुडीच्या मुळांना हात लावू देत नसत. तात्यांना हे मागासलेलं वाटलं. विसर्जनाच्या मिरवणुकीला ऐसपैस जागा हवी म्हणून श्रावणात त्यांनी सगळा काठ भादरला. केवडासुद्धा ठेवला नाही (मग बाप्पाला वाहायला म्हसळ्याच्या बाजारातून विकत आणला). तोडलेल्या फांद्या टाकल्या नदीत, म्हणे नदी नेईल वाहून. नदीने नेल्या, पण पलीकडे जायच्या साकवापर्यंतच. तिथे बूच बसलं.

गौरी जेवल्या त्या दुपारी पाऊस लागला. पाणी साकवाला तटलं, मागे फिरलं आणि मिरवणुकीसाठी केलेल्या वाटेने थेट आमच्या ओटीवर आलं. माती धरायला मूळ नव्हतं, सासूबाईंनी लावलेल्या पोफळी काठासकट गेल्या. मी रडले, मग तात्यांना बोलले, दोन्ही पोटभर. तात्या गणपती उराशी धरून झोपाळ्यावर उभे, आणि झोपाळा काही थांबेना. शेजारची मैना दारातून ओरडली, "काय अध्यक्ष, मिरवणूक न्हाय निघाली अजून?"

आता समितीने काठावर वाळा, निर्गुडी, बांबू लावायचा ठराव केला आहे. 'पर्यावरणपूरक पूरनियंत्रण' असा फलक लागलाही, रोपं यायची आहेत. फलकाला खांब हवा होता, म्हणून उरलेला एकुलता एक करंज तोडला.

असो. हात चिखलाचे आहेत, इथेच थांबते.

तुझी,
किशोरीआत्या

ता. क. वरच्या अंगाला, माझ्या माहेरच्या जमिनीत, तुझ्या वाट्याचं बांबूचं बेट उभं आहे, म्हणून आमचं घर तरी उभं आहे. होमस्टेच्या खोल्यांतून नदी दिसावी म्हणून ते उपटायला तू पाठवलेला जेसीबी सोमवारी आला. ड्रायव्हर प्रज्योत गुणी आहे, त्याला जेवायला बसवलं. बाबा रे, ते बेट राहू दे. हात जोडते.

ता. क. २ प्रज्योत हात धुवायला गेला तेव्हा जेसीबीची चावी मी उचलली. गणपतीच्या रिकाम्या पाटाखाली आहे. पाट वाळला की देईन असं त्याला सांगितलं आहे. रोज सकाळी मी तो ओल्या फडक्याने पुसते.